पंधरा इंची

माझ्याकडे पंधरा इंची स्पीकर होता. आमच्या कडेगाव भागात लग्नाला, जत्रेला स्पीकर लावणारे आणखी दोघे होते, पण ते आठ इंचांवर अडलेले. सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. लग्न झालेलं, पोर कडेवर, तरी मी त्या इंचांच्या जोरावर मिशीला पीळ देत हिंडायचो.

सांगलीच्या ज्या दुरुस्तीवाल्याकडून तो जुना स्पीकर घेतला, त्याने बजावलं होतं, "हा एकटा लावू नका. आतला एवढा मोठा कागदी पडदा जड असतो. ढोल झकास वाजवील, पण बोलणं त्याच्याने नीट उमटायचं नाही. जोडीला एक छोटा घ्या." मला वाटलं, गिऱ्हाईक सापडलंय तर आणखी एक गळ्यात मारतोय. मी म्हणालो, "आमी खेड्यातली असलो तरी खुळी न्हाई." आणि सुताराकडून आंब्याच्या फळ्यांचं, दोघांना उचलावं लागेल असं खोकं करून घेतलं.

धाकटा भाऊ फौजेत, थंडीच्या मुलखात. दीड वर्ष घरी आला नव्हता. त्याच्या पलटणीतला एकजण सुट्टीवर आला, तो आपला टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट घेऊन. भावाने आईसाठी चार शब्द भरून पाठवले होते. यंत्र माझ्या हवाली करून तो सासुरवाडीला गेला. मी सोप्यात एकट्यानेच आधी ऐकलं. यंत्राच्या तळहाताएवढ्या स्पीकरातून भाऊ बोलला, तोच त्याचा किनरा, नाकातला आवाज. माझे डोळे भरून आले. आईला तिथल्या तिथे हाक मारायला हवी होती. पण मला आळी जमवायची होती.

दुपारी अंगणात खोकं मांडलं, यंत्राची वायर त्याला जोडली. आईला अगदी पुढे बसवलं. बटण दाबलं, आणि आडात तोंड घालून कुणी गुरगुरावं तसं सुरू झालं. शब्द कळेना, नुसतं घुमत होतं. आई सरकत सरकत खोक्यापाशी गेली, कान लावला. मग माझ्याकडे वळली. "ह्यो कोन बोलतोय रं? माझ्या ल्योकाचा आवाज असा न्हाई."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. वायर काढून यंत्राच्याच छोट्या स्पीकरवर ऐकवायला कितीसा वेळ लागणार होता! पण मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत न्हाई, आये. थंडीनं त्येचा घसा धरलाय. लय खराब झालाय."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. तिने तिथेच देवाला हात जोडले. पोराचा घसा सुटेपर्यंत गुळाला शिवणार नाही म्हणाली. आमचं गुऱ्हाळ ऐन भरात होतं. घरात ढेपांची चळत, आणि ही बाई बिनगुळाचा चहा प्यायची.

यंत्र चार दिवस घरातच होतं. आई रानात गेली की मी भावाचा आवाज छोट्या स्पीकरवर ऐकायचो. तिला ऐकवला असता तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मला याची जितकी लाज वाटते, तितकी त्या दुपारचीही वाटत नाही. पाचव्या दिवशी तो फौजी यंत्र घेऊन गेला. पुढे भावाला पत्र लिहायची वेळ आली. आईला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि मी लिहायचो. 'हळद घालून गरम पाणी पी, गळा झाकून ऱ्हा,' असं ती सांगत होती. मी कागदावर उसाचं, बैलांचं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'मी बरा आहे.' आई म्हणाली, "दडवतोय त्यो."

उन्हाळ्यात भाऊ रजेवर आला. दारातूनच त्याने "आये" म्हणून हाक मारली, तशीच किनरी. आईने त्याचा गळा चाचपला, रडली, हसली. तो गोंधळला. "मला कवा काय झालं हुतं?"

"आता दडवू नगंस," आई म्हणाली. "तुझ्या दादानं वळखलं, म्हणून मी देवाला साकडं घातलं. त्यो नसता तर मला कळलंबी नसतं. आदी त्येच्या पाया पड."

भावाला काहीच ठाऊक नव्हतं. तो वाकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी ऱ्हा."