खालचा आवाज

भोंग्याचा घसा गेला होता आणि ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती: एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको. निदान त्याची तरी तशी समजूत होती.

भोंगा हे नाव शाळेत पडलं. याने मैदानाच्या या टोकाहून हाक मारली की त्या टोकाचा पोरगा दचकायचा, असला आवाज! पुढे त्याच आवाजावर बँड उभा राहिला, चौघांचा, रॉक वाजवणारा. मैदानं भरली, पोरापोरींनी खोलीच्या भिंतींवर फोटो चिकटवले. आणि सगळं असं छान चाललेलं असताना भोंग्याच्या डोक्यात शिरलं की लोक येतात ते आपल्याला ऐकायला, बाकीचे तिघे फुकटचे मिरवतात. झालं. एका दुपारी तालमीच्या खोलीत सगळ्यांना नको नको ते सुनावून स्वारी बाहेर पडली. दार आपटायचं होतं, पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या दाराला चहूबाजूंनी रबर लावलेलं. ते आपलं फुस्स करून बंद झालं.

मग एकट्याचा संसार. पहिला अल्बम बरा चालला. दुसरा मित्रांनी विकत घेतला. तिसरा मित्रांच्या गळ्यात मारावा लागला. पुढे लग्नं, कंपन्यांची स्नेहसंमेलनं, दुकानांची उद्घाटनं. सोबतीला वादक परवडेनात, म्हणून संगीत लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवर बायको. ती एरवी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी नवऱ्याची गाणी चालवायची. आधी हौस होती, मग सवय झाली, आता नुसता थकवा. नवऱ्याचा आवाज जसजसा बसत गेला तसतशी ती गुपचूप गाण्याची पट्टी उतरवत गेली. "याच्या खाली नाही हं नेता येणार," परवाच ती म्हणाली. "अजून उतरवलं तर गाणं वाटणार नाही, तक्रार वाटेल."

त्यातच मामाचा फोन आला.

मामा म्हणजे बँडचा गिटारवाला. तो कुणाचाच मामा नव्हता, पण ऐन पंचविशीत टक्कल पडलं आणि पोरांनी त्याचा मामा करून टाकला. भोंगा गेल्यावर वर्षभरात बँड मोडला होता. आता इतक्या वर्षांनी मामाने जुन्यांना गोळा करून एक मोठा कार्यक्रम ठरवला होता. "रविवारपर्यंत सांग," तो म्हणाला. "हो म्हण, नाही म्हण, पण लटकत ठेवू नकोस."

भोंग्याचा जीव तुटत होता जायला. बाथरूमच्या आरशासमोर दोनदा हो म्हणूनही झालं. पण ते एक गाणं होतं ना! ज्याच्यासाठी लोक शेवटपर्यंत थांबायचे, ते. त्याच्या ध्रुवपदाला दोन आवाज होते. वरचा भोंग्याचा, असा चढत जाणारा की ऐकणाऱ्याच्या मानेच्या शिरा ताणल्या जाव्यात. आणि खालचा मामाचा, सरळ, साधा. भोंगा मुलाखतीत हसत सांगायचा, "मी वर गातो, मामा खाली झाडू मारतो." आता वरचं म्हणायला गेलं की घसा ऐन चढावर दगा द्यायचा. तो भरल्या मैदानात फाटला तर उरलीसुरली अब्रूही जाणार.

"मी सांगतो की पोस्टरवर माझं नाव सगळ्यात आधी पाहिजे," तो बायकोला म्हणाला. "मामा भडकेल, विषय संपेल."

"म्हणजे घसा गेला म्हणायची लाज वाटते, पण माजोरडा म्हणवून घ्यायची नाही," बायको म्हणाली. "धन्य आहे तुझी!"

रविवार उजाडला तो नळ आणि बाथटबच्या दुकानाच्या उद्घाटनाचा. सकाळची वेळ. भोंग्याने गोदामात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कमोडांच्या रांगेत उभं राहून चामड्याचं जाकीट चढवलं. बाहेर खुर्च्यांवर प्लंबर, कंत्राटदार, मालकाचे नातेवाईक. मालक म्हणाला, "तेच गाणं म्हणा हं. बाकीची कुणाला माहीत नाहीत." इतक्या प्रेमाने म्हणाला की राग तरी कसा यावा!

भोंग्याची एक युक्ती होती. ध्रुवपद आलं की माईक लोकांसमोर धरायचा आणि ओरडायचं, "आता तुम्ही!" मोठ्या सभागृहात नुसता कल्ला व्हायचा, लॅपटॉपवरचं संगीत त्यावर पांघरूण घालायचं आणि वेळ निभावून जायची.

इथेही त्याने माईक पुढे केला. नेमका त्याच क्षणी कुणा उत्साही माणसाने पाणी घुसळणारा नवा बाथटब सुरू करून दाखवला आणि अख्ख्या दुकानाची वीज गेली. स्पीकर मुके झाले. लोक मात्र गातच राहिले.

आणि भोंग्याने पहिल्यांदा नीट ऐकलं. त्याची ओळ कुणीच म्हणत नव्हतं. एकही माणूस नाही! सगळे मामाचं म्हणत होते, खालचं. मांडीवर नळांचं माहितीपत्रक धरलेली मालकाची सासू, तो जाडा प्लंबर, मघाचा बाथटबवाला, सगळे डोळे मिटून मामाचं म्हणत होते, आणि अगदी चोख.

भोंग्याला आधी संतापच आला. मामाने आपल्याला चक्क मामा बनवलं की! इतकी वर्षं माणसं आपली ओळ गुणगुणत घरी जातात असं आपण धरून चाललो. पण राग धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो, तो आता कुठे होता? मग तोही त्यांच्यात मिसळून खालचं म्हणायला लागला, जन्मात पहिल्यांदा. घसा दुखला नाही. आवाज फाटला नाही. बायको लॅपटॉप सोडून त्याच्याकडे बघत राहिली.

कार्यक्रम आटोपल्यावर दोघं गाडीत येऊन बसले, तसा त्याने मामाला फोन लावला.

"मामा, मी येतो. पण खालचं मी म्हणणार. वरचं तू म्हण, नाहीतर कुणीतरी तरुण गळा शोध."

"नाही," मामा म्हणाला.

"अरे, का पण?"

"खालचं माझं आहे. तू गेलास तेव्हा वरचं घेऊन गेलास, आम्ही अडवलं का? मला तेवढंच उरलंय. भांडी घासतानाही मी तेच म्हणतो. ते नाही मिळायचं."

भोंग्याने बायकोकडे पाहिलं.

"मामा, मला वरचं येत नाही रे आता," तो म्हणाला. "घसा गेलाय माझा."

"माहितीय."

"माहितीय?"

"मोबाईलवर बघतो की तुझे कार्यक्रम. त्या ओळीला लोकांपुढे माईक धरतोस. मला कळणार नाही होय?"

"मग बोलावलंस कशाला?"

"वरचं म्हणायला. फाटलं तर फाटू दे. खाली मी आहे ना."

भोंग्याने फोन बायकोच्या हातात दिला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो हमसून हमसून रडायला लागला. बायकोने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"येतोय तो," ती म्हणाली. "तालीम कधी आहे?"