नाते : मावसबहीण

भाडेकरूच्या नोंदणीचा तो एक फॉर्म मी अजून विसरलेलो नाही, कारण त्यावर खोटं लिहिलं होतं आणि खाली सही माझी होती.

तेव्हा मी रहाटणीच्या बाजूला एका चौकीचा प्रमुख होतो. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच एक घरमालक तणतणत आत आला. गावातला जुना माणूस, शेताच्या जागी तीन मजले चढवून खोल्या भाड्याने दिलेल्या.

"साहेब, माझ्याकडं चाकणच्या कंपनीतला एक पोरगा ऱ्हातोय. तीन वर्सांमागं मावसबहीण म्हनून एक पोरगी संगं आनली. ती गेली कॅनडाला. आन आता ह्यो म्हनतो, आमी नवरा-बायकोवानी ऱ्हात हुतो असं लिहून द्या! मानसं भायेर धाडायचं रॅकेट आसंल, बगा जरा."

त्याचा संशय अगदीच वेडगळ नव्हता. परदेशासाठी खोटी लग्नं लावणारे आम्ही पाहिले होते. मी अर्ज घेतला, जुनी नोंद काढायला लावली. 'नाते' या रकान्यात बाईच्या अक्षरात 'मावसबहीण', आणि खाली 'खातरजमा केली' म्हणून माझी सही. कसली डोंबलाची खातरजमा! फॉर्मचा गठ्ठा यायचा आणि चहा पिता पिता सह्या व्हायच्या.

मुलाला बोलावलं. तिशीचा, लातूरकडचा, कंपनीत माल तपासायच्या कामावर. मी आवाज चढवला, "पोलिसांना बहीण सांगतोस आणि कॅनडाला बायको?"

तो मान खाली घालून म्हणाला, "सर, तिची घटस्फोटाची केस अजून कोर्टात आहे. लग्न करता येईना गेलंय. आणि खरं सांगितलं तर रूम देईना गेले कुणी. सात ठिकाणी फिरलो. शेवटी बहीण म्हणालो."

तिकडे लग्नाशिवाय राहणारा जोडीदारही चालतो, पण वर्षभर एका घरात संसार केल्याचा पुरावा लागतो, असं त्याने सांगितलं. दीड वर्ष दोघं एकत्र राहिली होती. पुरावा द्यायला बारा दिवस उरले होते. नाही दिला, तर त्याला तिकडे बोलावून घेण्यासाठी तिने तिथून केलेला अर्ज फेटाळला जाणार होता.

"फोटो?"

"काढायचेच नाहीत असं ठरलं होतं सर. कुणाच्या हाती लागला म्हणजे?"

चोरांनी लपवलेला माल मी आयुष्यभर शोधला. पण कुणी आपला संसारच इतका बेमालूम लपवलेला पहिल्यांदा पाहिला. तरी माणूस रडवेला झाला म्हणजे खरा असतो असं नाही, म्हणून खोली बघायला गेलो.

एक खोली, एक स्वयंपाकघर. मांडणीत एक ताट, एक वाटी. खिळ्याला बायकी छत्री. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर होतं, ती गेली त्याच महिन्यावर थांबलेलं. त्याच्याखाली आदल्या वर्षाचं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षर : फर्स्ट, सेकंड, थर्ड. मध्येच 'डबा नको', 'बस चुकली', 'दोघांना सुट्टी'.

"माझी शिफ्ट आठवड्याला बदलायची, ती कामाला वाकडच्या ऑफिसात," तो म्हणाला. "कधी भेट होणार ते ती यावरच बघायची."

अक्षर फॉर्मवरचंच होतं. मी दोन्ही कॅलेंडरं पंचनामा करून ताब्यात घेतली आणि कंपनीकडून त्याची हजेरी मागवली. तीन दिवसांनी हवालदार आणि मी तारीख तारीख लावत बसलो. सगळ्या शिफ्ट जुळल्या. 'बस चुकली' त्या दिवशी कंपनीत उशिराचा शेरासुद्धा होता. हवालदार म्हणाला, "साहेब, एवढं कुणी खोटं लिहीत बसत नाही."

घरमालकाला हे सांगायला गेलो, तर दाराआडून त्याची बायको बोलली, "मला पैल्यापास्नं ठावं हुतं. त्यो येईस्तवर ती पोरगी जेवायची न्हाई. मावसबहीण उपाशी ऱ्हाती व्हय?"

"आन मला बोलली न्हाईस?" नवरा उखडला.

"तुमी खोली खाली करून घेतली असती!"

बाईंचा जबाब नोंदवला. घरमालकाने कुरकुरत का होईना, पत्र दिलं. चुकीच्या नोंदीबद्दल मुलाकडून लेखी खुलासा घेतला, आणि अहवालात लिहिलं की खातरजमा न करता सही केली, ही चूक माझी. वरिष्ठांनी समज दिली, ती मुकाट्याने घेतली. अहवालाची प्रत आणि ती कॅलेंडरं मुलाला मुदतीत मिळाली. काही महिन्यांनी विमानतळावरून त्याचा फोन आला, "निघालो सर. कॅलेंडरं सोबत घेतलीत."

त्या संध्याकाळी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती हसली. "आपल्याकडे मागितला असा पुरावा, तर हो?"

"लग्नाचा दाखला आहे की."

"तो लग्नाचा झाला. मी एकत्र राहिल्याचं विचारतेय."

तेवढ्यात चौकीतून फोन आला. मी ताट सरकवून निघालो.

माझ्या निवृत्तीला चार महिने उरले असताना बायको वारली. चऱ्होलीचा हा फ्लॅट तिने पसंत केलेला, त्यात आता मी एकटा असतो. फार एकटा असतो. कागदावर लिहिलेलं नातं वेगळं आणि जगलेलं वेगळं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं, पण मी ते दुसऱ्यांपुरतंच शिकलो. उद्या कुणी माझ्याकडे तो पुरावा मागितला, तर चौकीतली, आमच्या ड्युटीची नोंद ठेवणारी स्टेशन डायरी काढावी लागेल. दिवाळीला, मुलीच्या बारशाला, बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी मी कुठे होतो, ते त्या डायरीत वेळेसकट लिहिलेलं आहे.