अध्यक्षांचा वन्स मोर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी, तू खरंच युनियनमध्ये होतीस का. होते, चांगली सचिव होते. साकोलीतल्या आमच्या खासगी शाळेत मी इंग्रजी शिकवायचे आणि माझं कपाट नीट लावलेलं असायचं, एवढ्या गुणांवर माझी निवड झाली. क्रमाने सांगते. मध्येच मला हसू आलं तर सांभाळून घ्या.

आमची पहिली सभासद कुणी शिक्षिका नव्हती. त्या होत्या स्कूलबसवरच्या मावशी, लहान मुलांना हात धरून चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या. त्यांनी दोन ड्रायव्हरांनाही सभासद केलं, हे संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि मावशींना घरी बसवलं गेलं. आम्ही बाकीचे इतके घाबरलो की स्टाफरूममध्ये युनियनचं नावही कुणी काढेना. मावशी परत आल्या नाहीत तर दुसरं कुणी सभासद होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

अध्यक्षांची राईस मिल होती, पण जीव सगळा नाटकात. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकं होतात, त्यात ते दरवर्षी एखादं काम पटकावायचेच. त्या वर्षी स्नेहसंमेलनात स्टाफचं नाटक ठरलं, लिहायचं माझ्याकडे आलं, आणि पाठोपाठ अध्यक्षही आले.

"मॅडम, मले खलनायक नोका देऊ," ते म्हणाले. "मागच्या साली लोकायनं लय शिव्या देल्या. यंदा मले टाळ्या पायजेत."

टाळ्यांचं काम एकच होतं, विडी कारखान्यातल्या कामगारांच्या पुढाऱ्याचं. ते मी त्यांना दिलं. दुष्ट मालक झाले आमचे पीटीचे सर, ज्यांना मिशी चिकटवली की शिंका यायच्या. तालमीत अध्यक्षांचं सारं लक्ष खांद्यावरचा पंचा केव्हा झटकायचा याकडे. वाक्यांचा अर्थ त्यांना शिवलाही नाही. आम्ही मात्र एकमेकांकडे न पाहता तालीम उरकायचो, कारण पाहिलं की फुटलोच असतो.

संमेलनाला मावशींना आम्ही पाहुण्या म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. अध्यक्ष पंचा झटकून गरजले, "जिनं तुमच्यासाठी हात झिजवले, तिनं चार माणसं एकत्र केली म्हणून तिला दाराबाहेर काढता? आधी तिला आत घ्या, मग माझ्याशी बोला."

मग सगळ्या माना मावशींकडे वळल्या. तिथल्या बहुतेकांची पोरं त्यांनीच रोज बसमधून उतरवलेली. आणि मग अशा टाळ्या पडल्या की मोबाईलवर शूटिंग करणारे पालकही मोबाईल काखेत धरून टाळ्या पिटू लागले. आपल्याकडे काम आवडलं की लोक वन्स मोर मागतात आणि नट तेच पुन्हा करून दाखवतो. अध्यक्षांनी खुशीने दाखवलं, आणखी वरच्या आवाजात. पीटीच्या सरांची मिशी शिंकेसरशी उडाली. पुन्हा वन्स मोर.

तिसऱ्या खेपेला "तिला" म्हणताना अध्यक्षांची नजर लोकांच्या नजरेमागे गेली आणि पहिल्या रांगेवर अडकली. पंचा हातातच राहिला. मागून एक आजोबा शांतपणे म्हणाले, "मंग घ्या ना तिले आत."

माघार घेतली असती तर टाळ्या गेल्या असत्या, आणि ते नटाला कसं सोसावं? "सोमवारी या," ते मावशींना म्हणाले, अगदी पुढाऱ्याच्या थाटात. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. पडद्यामागे मी आणि गणिताच्या बाई एकमेकींना धरून गिरक्या घेत होतो, माझा चष्मा कुठे गेला याचंही भान नव्हतं.

सोमवारी मावशी बसच्या दारात उभ्या होत्या. अध्यक्ष गेटपाशी घुटमळले. शेवटी राहवेना, तेव्हा आपलं काम कसं झालं ते त्यांनी विचारलंच.

"दुसऱ्या खेपेले लय मस्त झालं, साहेब," एका पोराचा डबा सावरत मावशी म्हणाल्या. "तिसऱ्या खेपेले तुमाले समजलं होतं."

अध्यक्ष तडक मिलकडे निघून गेले. दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सभासद व्हायला रांग लागली, पीटीचे सर सर्वांत पुढे. ती रांग फार वाकडी होती. मी सचिव या नात्याने आधी ती सरळ केली.