घड्याळाच्या कोडमधून उडवलेली ओळ

मंडळी, डोकं काम करून नाई राह्यलं.

शेतातला पंप वेळेवर सुरू करणारे डबे आम्ही बनवतो. त्यातल्या घड्याळाच्या चिपचा सुरुवातीचा कोड मी सोपा केला, फालतू वाटलेल्या ओळी उडवल्या. टेबलावर मस्त चालला, म्हणून सकाळी नेटवरून सगळ्या डब्यांत टाकला.

दुपारी आंजी गावच्या भाजीवाल्या काकूंचा फोन. "पोरी, लाईन जाऊन आली अन् तुहा डबा रात्रीचे बारा दाखवून राह्यला! पंप बंद, वांग्याची रोपं सुकून राह्यली."

उडवलेल्यांतली एक ओळ हेच पाहायची, की लाईन, म्हणजे वीज, गेल्यावर घड्याळ बंद पडलं होतं का, अन् पडलं असंल तर वेळ परत लावायची. माझ्या टेबलाले इन्व्हर्टर आहे. तिथं लाईन जातच नाई.

जुना कोड परत पाठवून राह्यली, पण एका वेळी एकाच डब्यात जाऊन राह्यला. वडनेर, केळझरवाल्यांनो, तुमचे डबे बाकी आहेत, तुमच्याकडली लाईन गेली नाई ना अजून?