दुर्रेसहून एर्मिरा बोलतेय

एर्मिरा इटालियन शिकली ती चोरून. तिचे वडील अल्बानियातल्या दुर्रेसच्या बंदरात क्रेन चालवायचे. रात्रीची जेवणं आटोपली की ते गच्चीवर जाऊन टीव्हीची अँटेना हळूच समुद्राकडे वळवायचे, आणि खालून आई झाडूच्या दांड्याने छताला ठोकायची. एकदा ठोकलं तर चित्र आलं, दोनदा ठोकलं तर गेलं. हाक मारायची सोय नव्हती. पलीकडच्या किनाऱ्यावरचा, म्हणजे इटलीचा टीव्ही बघताना सापडलं, तर त्या कम्युनिस्ट राजवटीत माणूस नोकरीला मुकायचा, कधी त्याहूनही वाईट व्हायचं. उजाडायच्या आत अँटेना पुन्हा डोंगराकडे तोंड करून शहाण्यासारखी उभी असायची.

त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर गाणी असायची, बक्षिसांचे खेळ असायचे, साबणाच्या जाहिराती असायच्या. शब्दांचे अर्थ विचारणार कोणाला? एर्मिरा ते चित्रावरून ताडायची. पुढे सिगारेटच्या कारखान्यात पाकिटं भरायला लागली, तेव्हा हात तंबाखूत आणि ओठांवर निवेदकांची वाक्यं असत. शेजारच्या बायकांना वाटायचं, पोर काहीतरी जप करतेय.

मग सरकार कोसळलं आणि पाठोपाठ कारखान्याला कुलूप लागलं. निम्मं शहर मिळेल त्या जहाजावर चढून इटलीला पळालं. एर्मिराचं ज्याच्याशी ठरलं होतं तो पेत्रित डोंगर ओलांडून ग्रीसला गवंडीकामाला गेला. तिलाही जायचं होतं, भाषा तर तिलाच येत होती. पण वडील अंथरुणाला खिळले आणि ती राहिली.

ती पलीकडे गेली नाही, तर पलीकडचं कामच इकडे आलं. एका इटालियन मालकाने जुन्या गोदामात शिलाईचा कारखाना घातला. कापलेलं कापड बोटीतून यायचं, इथे शर्ट शिवून व्हायचे आणि परत बोटीतून जायचे. नावाची पट्टी तिकडे लागायची. एर्मिराकडे कॉलर आली. लग्न झालं, मुलं झाली, पेत्रित वर्षातून दोनदा ग्रीसहून येऊन जायचा आणि ही कॉलर शिवत राहिली. मुलगी शिकून जर्मनीत नर्स झाली, ती त्या कॉलरांवरच.

एके दिवशी मालकाने सगळ्यांना अंगणात बोलावलं. गिऱ्हाइकांना आणखी स्वस्त हात सापडले होते, खूप दूर पूर्वेला. मालक चांगला माणूस होता, सांगताना रडला. यंत्रं ट्रकवर चढत होती आणि बायका बघत उभ्या होत्या. शेवटी कोणीतरी म्हणालं, "झाडू तरी ठेवून जा, आमच्या घरचा आहे तो." तेव्हा सगळ्या हसल्या आणि मगच त्यांना रडू आलं.

एर्मिरा तेव्हा पन्नाशीला आली होती. पेत्रितही पाठीचं दुखणं घेऊन कायमचा घरी परतला होता आणि दिवसभर धक्क्यावर गळ टाकून बसायचा. अशात शेजारची अनिसा एका संध्याकाळी आली. लहानपणापासून ती एर्मिराला तेता म्हणायची, म्हणजे मावशी. स्टेशनाजवळ नवीन कॉल सेंटर निघालं होतं आणि अनिसा तिथे देखरेख करायची. इटलीतल्या लोकांना विजेच्या बिलाची अडचण आली, की फोन इकडे वाजायचा.

"तेता, तुला इटालियन येते ना? माणसं कमी पडतायत."

"मला बोलता येतं, पण तुमची ती यंत्रं चालवता येत नाहीत."

"एक बटण दाबायचं आणि बोलायचं. पेत्रितकाकांशी बोलतेस तसं बोलू नकोस म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी एर्मिराने डोक्यावर तो हेडफोनचा पट्टा चढवला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "महोदय, आपण आम्हांस स्मरलात हा आमचा सन्मान. क्षणभर प्रतीक्षा करावी, मी त्वरित आपल्या सेवेस उपस्थित होते."

आजूबाजूची पोरंपोरी खुर्च्या फिरवून बघायला लागली. अनिसाने कपाळाला हात लावला.

"तेता, हे असं कोण बोलतं आता? बिल सांगतेयस की लॉटरीचं बक्षीस जाहीर करतेयस?"

"मी जिथे शिकले तिथे असंच बोलत होते."

अनिसाने तिला सुधारायचा प्रयत्न केला, पण महिनाभरात तिच्याच लक्षात आलं की म्हातारी गिऱ्हाइकं एर्मिराचं नाव घेऊन फोन करतात. पोरांवर खेकसणारे आजोबा तिच्याशी मऊ होतात. मग अनिसाने सगळे म्हातारे तिच्याकडेच वळवायला सुरुवात केली.

ओरेस्तेचा फोन आला तो असाच. इटलीतल्या अँकोना बंदराच्या मागच्या डोंगराळ गावातला विधुर माणूस. बायको जाऊन वर्ष झालं तरी बिल तिच्याच नावाने येत होतं, आणि तो भडकला होता.

"मेलेल्या बाईला किती वेळा पैसे मागणार तुम्ही?"

"महोदय, आपल्या दुःखात आम्ही भर घातली, याबद्दल क्षमा असावी. या क्षणापासून ते नाव मी स्वतः काढते."

त्याने विचारलं, "कुठून बोलताय?"

"अल्बानियातून. दुर्रेसहून एर्मिरा बोलतेय."

"तरीच."

"तरीच काय?"

"आमच्याकडे आता असं कोणी बोलत नाही. माझी बायको बोलायची, घरी पाहुणे आले की. मी उभा जन्म कपडे धुण्याची यंत्रं बनवली. तो कारखाना पोलंडला गेला. आता फोन तुमच्याकडे गेला. इथे उरलं काय?"

"तुम्ही उरलात, सिन्योर."

तो हसला. त्यानंतर ओरेस्तेला दर आठवड्याला बिलात काही ना काही शंका येऊ लागली.

"तेता," अनिसा म्हणायची, "त्याचं काम झालं ना? मग त्याला मासळीचा भाव कशाला सांगतेस?"

"त्याने विचारला."

"आणि तुझ्या गच्चीतून समुद्र दिसतो, हे?"

"तेही विचारलं."

त्या सुमारास इटलीतले पेन्शनर दुर्रेसला राहायला येऊ लागले होते. इथे पेन्शनीवर कर नव्हता, भाडं कमी आणि हवा तीच. ओरेस्तेने ते कुठेतरी वाचलं आणि एर्मिराला विचारलं. तिने खरं तेच सांगितलं. फुटपाथ खराब आहेत, गाड्यांचे भोंगे फार आहेत, पण माणूस चार दिवसांत ओळखीचा होतो. वसंतात तो अँकोनाच्या बोटीने आला. दोन बॅगा आणि कॉफीची एक जुनी किटली, एवढंच सामान. एर्मिरा बंदरात उभी होती. तो तिच्यासमोरून दोनदा गेला.

"सिन्योर ओरेस्ते," तिने हाक मारली.

तो वळला आणि तिच्याकडे बघत राहिला. "मी एक उंच बाई शोधत होतो," तो म्हणाला. "लांब झगा घातलेली."

"मी केस असलेला माणूस शोधत होते."

पेत्रितला हे सगळं पसंत नव्हतं. "आपण जन्मभर त्यांच्याकडे पळालो," तो जेवताना कुरकुरला. "आता हे आपल्याकडे पळून यायला लागले. आणि माझी बायको त्यांच्या बॅगा उचलते."

"एकच उचलली. दुसरी त्याने उचलली."

ओरेस्तेला अल्बानियन येत नव्हती आणि पेत्रितला इटालियन. भेटले की दोघं एकमेकांकडे बघून माना हलवायचे. पुढे एकदा ओरेस्तेच्या भाड्याच्या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं. घरमालक लक्ष देईना, म्हणून एर्मिराने नवऱ्याला हत्यारं देऊन पाठवलं. बऱ्याच वेळाने ती बघायला गेली, तर दोघं जमिनीवर मांडी ठोकून बसलेले, यंत्र आडवं केलेलं आणि ओरेस्ते आतला एक भाग हातात धरून खूश. यंत्र पोलंडमध्ये बनलेलं होतं. पण आतली रचना त्याच्याच कारखान्याची, त्याच्या हाताखालून गेलेली. पेत्रितने रबराची कडी बसवली, ओरेस्तेने बोट दाखवून ती उलटी आहे म्हणून सांगितलं, पेत्रितने अल्बानियनमध्ये एक शिवी दिली, ओरेस्तेने इटालियनमध्ये एक दिली, आणि यंत्र सुरू झालं. तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी डॉमिनो खेळतात. भाषा अजूनही एकमेकांची येत नाही. शिव्या मात्र येतात.

दोन वर्षांनी अनिसा एर्मिराच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि रडत रडत सांगू लागली. इटलीच्या कंपनीने बोलणारं यंत्र घेतलं होतं. फोन आता कुठेच वाजणार नव्हता, तिथे नाही आणि इथेही नाही. म्हाताऱ्यांचा विभाग आधी बंद होणार होता.

एर्मिराने तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं. "माझं हे तिसरं कुलूप," ती म्हणाली. "रडून घे, पण आपला कप आजच घरी ने. उद्यापर्यंत राहत नाही."

"तुला राग येत नाही, तेता?"

"पहिल्या वेळी आला. दुसऱ्या वेळीही आला. आता मला बुधवारची काळजी आहे. ओरेस्तेच्या गावची जोडी येतेय आणि त्यांना घर बघायचंय."

कारण ओरेस्ते गप्प बसणारा नव्हता. त्याने कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना फोन करकरून समुद्राचं वर्णन ऐकवलं होतं, आणि एकेक करून ते येत होते. त्यांना घर लागायचं, डॉक्टर लागायचा, नळ दुरुस्त करणाऱ्याशी भांडायला कोणीतरी लागायचं. एर्मिरा त्यांच्यासाठी भांडायची, आणि अल्बानियनमध्ये कितीही कडाकडा भांडली, तरी त्यांच्याकडे वळून म्हणायची, "महोदय, हे सद्गृहस्थ उद्या येण्यास आनंदाने तयार आहेत." पुढे तिने आणि अनिसाने याच कामासाठी बंद पडलेलं भाजीचं दुकान भाड्याने घेतलं. पाटी अनिसाने रंगवली, टेबल पेत्रितने ठोकलं, ते थोडं डुगडुगतं.

तिथे बसून एर्मिरा सुखी आहे. दुपारी कोणीतरी इटालियन म्हातारी ब्युरेक, म्हणजे इथला पालक भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ, घेऊन येते, स्वतः शिकून केलेला आणि बहुतेक वेळा करपलेला. एर्मिरा तो खाते आणि चांगला झालाय म्हणते. मुलीचा जर्मनीहून फोन येतो. परवा तिने विचारलं, "आई, उद्या दुसऱ्या कुठल्या देशाने यांना याहून स्वस्तात बोलावलं आणि हेही निघून गेले, तर?"

"जातील तेव्हा जातील," एर्मिरा म्हणाली. "आता फोन ठेव. ओरेस्तेच्या गावच्या ब्रूनाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, आणि ही बाई चष्मा घरी विसरून आलीय."