माय आणि तीन ट्यूबा

आज पिंप्राळ्याच्या घरातली जुनी ट्यूब दोनदा लुकलुकून लागली आणि माय आठवली. तिच्या वांग्याच्या भरताचा व्हिडिओ काढायला मी कपडे वाळवायच्या बांबूला तीन ट्यूबा बांधल्या होत्या. चोक तापतो म्हणून मध्ये मध्ये त्या बंद करायचे. कॅमेरा सुरू करून पुन्हा लावल्या, की भाजलेलं वांगं सोलता सोलता माय काळ्या बोटांनी हात जोडायची.

“माय, परत घ्यावं लागेल,” मी वैतागायचे.

“दिवा लागना ना बेटा,” ती शांतपणे म्हणायची, दिवा लागला की नमस्कार करायचाच अशा सुरात, आणि पुढच्या वेळीही हात जोडायची.

तिचं हात जोडणं तेवढं सगळं कापून मी व्हिडिओ नीटनेटका केला. आता माय नाही. भरीत मला येतं. मी बघते ते कापलेले तुकडे.