चुलीमागचं खोकं

एतेल्काच्या स्वयंपाकघरात चुलीमागे जेमतेम एक खोकं मावेल एवढी जागा होती. तिथली भिंत कायम उबदार आणि थोडी काळपट असायची. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू त्या जागेत सरपण ठेवायची. सासू गेली, सरपण अंगणात गेलं आणि तिथं खोकं आलं. खोक्यात एक जुना लोकरी कोट, आणि कोटात कुणाचं तरी मरायला टेकलेलं डुकराचं पिल्लू.

कुणाचं तरी म्हणजे गावातल्या कुणाचंही. "एतेल्काकाकू, बघा हो, उभंच राहत नाही," म्हणत बायका एप्रनमध्ये गुंडाळून पिल्लू आणायच्या. एतेल्का शेपटी वर करून बघायची, पोट चाचपायची आणि शेवटी पिल्लाच्या तोंडात करंगळी घालायची. पिल्लानं करंगळी ओढली तर म्हणायची, "ठेवून जा." नाही ओढली तर म्हणायची, "घरी ने. मी काही देव नाही."

गावची सहकारी शेती चालू होती तोवर ती तिथं पिल्लांकडे कामाला होती. आईचं दूध तोडलं की पिल्लांना हगवण लागते हे कुणीही सांगेल. का लागते, ते तिनं तिथं मेलेली पिल्लं चिरताना पाहिलं होतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. दुधावरून एकदम दाण्यावर आणलं की ती लव झडते, आणि वरून घातलेलं खालून जसंच्या तसं निघतं. पिल्लू खात असतं आणि उपाशी मरत असतं.

तिचा उपाय ठरलेला होता. करपेपर्यंत भाजलेल्या जवाची पातळ पेज, तीत दह्याची निवळी, आणि सगळ्यात शेवटी दाण्याच्या दुकानातून आणलेली पिल्लांच्या व्हिटॅमिनची पिवळट पूड. पेज गरम असताना पूड घातली तर तिच्यातलं सत्त्व मरतं. म्हणून ती पेजेत करंगळी बुडवून उभी राहायची. करंगळी सुखानं राहिली की मग चिमूट. चिमटीचं माप तिच्या बोटांत होतं. जास्त झालं तरी वाईटच. सहकारीत एकदा कुणाचं तरी माप चुकलं होतं, तेव्हा पिल्लांच्या ओठांना चिरा पडलेल्या आणि कानांची सालं निघालेली तिनं पाहिली होती.

तिचा नवरा वेंदेल डुकरं कापायचा. थंडी पडली की पंचक्रोशीतून त्याला बोलावणी यायची. हात असा, की जनावराला कळायच्या आत संपलेलं असायचं. बायाबापड्या म्हणायच्या, वेंदेलच्या हातून मरणं म्हणजे झोप लागणं. घरच्या डुकरिणी व्यायल्या की तो पिल्लं मोजायचा, सगळ्यात बारकं असेल ते मागच्या पायांना धरायचा आणि हापशाच्या दगडावर आपटायचा. एकदाच. दुसऱ्यांदा आपटावं लागलं नाही कधी.

"याला दया म्हणतात, एतेल," तो हात धूत म्हणायचा. "ते जगणार नाही, आणि हगून बाकीच्यांना पाडेल."

"तुमच्या दयेला दगड लागतो," ती म्हणायची. "माझ्या दयेला चूल लागते."

"तुझ्या दयेला सरपण लागतं. ते मी फोडतो."

त्याचं चूक होतं असंही नाही. पण ज्या शब्दानं तो त्या बारक्या पिल्लाला हाक मारायचा, तो शब्द एतेल्काला सहन होत नसे. मरतुकडं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली होती, दिवस भरायच्या कितीतरी आधी. सुईणीनं स्वयंपाकघरातच तिच्या कपाळाला पाणी लावून नाव ठेवलं, देवाच्या दारात बिननावाची जायला नको म्हणून. आठवडाही निघाला नाही. कबरस्तानातून परत आल्यावर दारात बूट काढता काढता वेंदेल म्हणाला, "मरतुकडं होतं ते. जगणारं नव्हतंच."

पाळणा पुन्हा हलला नाही. पहिलं खोकं चुलीमागे आलं ते त्याच हिवाळ्यात. तो शब्द त्यानं एकदा परत घ्यावा, एवढंच एतेल्काला हवं होतं. मागायला मात्र ती कधी गेली नाही. एकेक पिल्लू उभं करून त्याच्यासमोर अंगणात सोडत राहिली, आणि तो म्हणत राहिला, "हं. हे निघालं खरं चिवट."

मग वेंदेलच्या पोटात गाठ निघाली. शहरातल्या दवाखान्यात त्याचं अर्धं पोट आणि हातभर आतडं कापलं आणि डिसेंबरात त्याला घरी पाठवलं. त्या घरात थंडीचं एकच खोली तापवत, त्यामुळे पलंग स्वयंपाकघरात आला, चुलीशेजारी. खाल्लेलं त्याच्या अंगाला लागेना. वरून घालावं, तासाभरात खालून जावं. एतेल्का त्याचे कपडे बदलायची, चादर बदलायची, आणि त्याला उचलताना तिच्या हातांना वजन कळायचं. जनावरांचं कळायचं तसंच.

वेंदेलची धाकटी बहीण गिझी गावातच राहायची. ती रोज डबा घेऊन यायची. कोंबडीचं रस्सेदार सूप, वर लाल तेलाचा तवंग, कधी चरबी लावलेला पाव.

"खा रे दादा. या घरात तुला कुणी खाऊ घालत नाही असं दिसतंय."

"त्यांना झेपत नाही ते," एतेल्का म्हणाली.

"चाळीस वर्षं झेपलं की! तुझ्या हातचं झेपलं, मग माझ्या हातच्याला काय झालं, वहिनी?"

दादानं बहिणीच्या मनासाठी चार चमचे खाल्ले. त्याचे हाल निस्तरायला गिझी थांबली नाही.

जानेवारीत घरच्या डुकरिणीची पिल्लं दुधावरून तोडली आणि आठवड्याच्या आत त्यांना हगवण लागली. बाहेर हापशाचं पाणी दगड झालेलं. बाकीची तगली, पण एक आडवं झालं. वेंदेल उठता असता तर ते जन्मल्या दिवशीच दगडावर गेलं असतं. एतेल्कानं पिल्लाच्या तोंडात करंगळी घातली. त्यानं ओढली. तिनं माळ्यावरचं खोकं खाली काढलं.

"हे बाहेर ठेव," वेंदेल पलंगावरून म्हणाला.

"बाहेर मरेल."

"मरू दे. मरतुकडं आहे. इथं एकाची घाण पुरे आहे."

"अहो, तुमची काढते ना? तशी त्याचीही काढीन," ती म्हणाली आणि खोकं चुलीमागे सरकवलं.

त्या दिवशी तिनं पेज जरा जास्त केली. पिल्लाला बाटलीनं पाजली, आणि भांड्यात उरलेलीकडे थोडा वेळ बघत उभी राहिली. मग ती गाळून कपात ओतली, मीठ घातलं आणि नवऱ्याला दिली. ती पेज त्याच्या पोटात राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "शेजारी कसा आहे?"

"आज घट्ट हगला."

"माझ्यापेक्षा शहाणा आहे म्हणजे."

तो विनोद करतोय हे बघून एतेल्काला हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला. खोक्यातलं पिल्लू उभं राहिलं, चुलीभोवती टकटक करत फिरायला लागलं. वेंदेलही उशीला टेकून बसायला लागला. एतेल्काच्या मनानं घेतलं: दोघंही उठतील. ज्याला हा माणूस मरतुकडं म्हणतो ते काय असतं, हे त्याला स्वतःच्या अंगानं कळेल. मग बघू तो कोणता शब्द वापरतो.

गिझीनं एक दिवस तिला चिमूट टाकताना पकडलं. टेबलाखालची पिशवी ओढून तिनं वरचं चित्र बघितलं. चित्रात गुलाबी पिल्लू हसत होतं.

"अगं बाई! डुकराचं खाणं! माझ्या भावाला डुकराचं खाणं घालतेस तू, वहिनी?"

"व्हिटॅमिन आहे ते."

"डुकराचं व्हिटॅमिन! गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. दादा, ऐकलंस का, काय पाजतेय ही तुला?"

"ठाऊक आहे मला," वेंदेल म्हणाला. "करंगळी बुडवून उभी राहते, तेव्हाच ओळखलं. गिझे, तुझं सूप वर जातं नाही तर खाली जातं. हे राहतं. बस तिथं आणि गप्प बस."

"शेपटी फुटेल तुला!"

"फुटली की सांगीन. येताना आरसा घेऊन ये."

पण फेब्रुवारी सरता सरता वेंदेलचं वजन पुन्हा हातांना हलकं लागायला लागलं. पिल्लू दाण्यावर गेलं, अंगणात बाकीच्यांत गेलं, खोकं रिकामं झालं. वेंदेल तिथंच राहिला. एतेल्कानं पूड वाढवली. एका चिमटीच्या दोन केल्या, दोनाचा अर्धा चमचा. आयुष्यभर जे माप तिच्या बोटांनी चुकवलं नव्हतं ते तिनं जाणूनबुजून मोडलं, कारण हरायचं नव्हतं. त्याचं डोकं दुखायला लागलं. तो उजेडाला डोळे मिटायचा. एका सकाळी त्याचं तोंड पुसताना तिला ओठांच्या कडांना चिरा दिसल्या. तिनं त्याचा तळहात उलटा केला. कातडी साली निघाव्या तशी सुटत होती.

ती अंगणात गेली आणि हापशाच्या दगडाशी उभी राहिली. डोक्याला रुमालही बांधला नव्हता. आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"मी जास्त घातली," ती म्हणाली. "पूड. तुमची कातडी त्यानं जातेय."

"पेज कडू लागत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी हट्टानं घालत होतीस. म्हटलं, घालू दे."

फेरीवर आलेल्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं. दारात कोट चढवत त्यानं तिला हळू आवाजात सांगितलं, की गाठ परत आली आहे. पुडीनं ते जाणार नाहीत आणि पुडीनं राहणारही नाहीत. वेंदेलला ते ऐकू गेलं. त्या घरात एकच तर खोली तापलेली होती.

डॉक्टर गेल्यावर तो म्हणाला, "एतेल, आता पुरे. मी मरतुकडं झालोय."

"तो शब्द काढू नका."

"का?"

ती भांड्याकडे वळली. भांडं घासत राहिली. घासलेलंच भांडं पुन्हा घासत राहिली.

"लहानीमुळं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्या घरात लहानीचं नाव कुणी काढलं नव्हतं. एतेल्काचे हात थांबले.

"ती तशी नव्हती," वेंदेल म्हणाला. एकेका वाक्यानंतर तो दम घेत होता. "तू झोपली होतीस. मी तिच्या तोंडात बोट घातलं. ओढत होती ती. जोरात ओढत होती."

"कधी?"

"शेवटच्या दिवशीही."

"मग तसं का म्हणालात?"

"तुझा जीव तिच्यात अडकून राहू नये म्हणून. जगणारं नव्हतंच म्हटलं की माणूस सुटतं, असं वाटलं मला."

एतेल्का पलंगाच्या कडेला बसली. जो शब्द परत मिळावा म्हणून तिनं एवढी पिल्लं जगवली, तो मिळाला होता. मरतुकडं होतं म्हणताना निदान सगळं देवावर ढकलता येत होतं. आता कळत होतं की पोर ओढत होती, आणि तिला चुलीमागे ठेवायचं, थेंब थेंब पाजायचं, यातलं काहीच आपल्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच्यावर रागावायलाही काही उरलं नव्हतं.

दुपारी तिनं पेज केली, पुडीशिवाय. थंड होऊ दिली. करंगळी बुडवली आणि त्याच्या ओठांशी नेली. तो तिच्याकडे बघत होता. त्यानं ओढली नाही.

"बरं," एतेल्का म्हणाली.

तिनं पुन्हा आग्रह केला नाही. फक्त ओठ ओले करत राहिली. मार्च लागला त्या आठवड्यात तो गेला.

आमच्याकडे डुक्कर कापल्यावरच्या जेवणाला तोर म्हणतात आणि माणूस पुरल्यावरच्या जेवणालाही तोरच म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोराला सुरी चालवलेल्या माणसाचा तोर, तेव्हा तो कंजूषपणे करून चालणार नव्हतं. गिझी अंगणात येऊन कुंपणापलीकडे बघत उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"कोणतं कापायचं, वहिनी? मोठी दोन दादानं पुढच्या हिवाळ्यासाठी राखलीत. पिल्लांतलं घ्यावं लागेल. ते तुझं चुलीमागचं राहू दे, बाकीच्यांतलं दाखव."

एतेल्कानं कुंपणातून पाहिलं. ते बाकीच्यांपेक्षा वीतभर आखूड होतं, पण पाठ गोल होती आणि खाताना दुसऱ्यांना ढकलत होतं.

"तेच घ्या," ती म्हणाली.

"अगं, पण त्याला तू..."

"बाजूला ठेवायला ते काय आजारी आहे? भरलेलं आहे. मरतुकडं कुणी तोराला कापत नाही."

शेजारच्या गावचा डुकरं कापणारा बोलावला. त्याला दोनदा सुरी घालावी लागली. एतेल्कानं नेहमीसारखं रक्ताचं भांडं धरलं आणि गोठू नये म्हणून ढवळत राहिली. गरम पाणी ओतून केस खरवडल्यावर त्यानं पिल्लू उलटं करून पाहिलं, बरगड्यांवरून हात फिरवला.

"हाडं बारीक आहेत हो याची, काकू. मागं कधीतरी वाढ खुंटलीय. जन्मतः मरतुकडं असणार."

"नव्हतं," एतेल्का म्हणाली. "ओढत होतं."